हाय-फ्लो, बायपॅप की व्हेंटिलेटर? वडिलांच्या न्यूमोनियाबद्दल विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. वडील ६४ वर्षांचे, इन्फ्लुएन्झाचा न्यूमोनिया, दोन्ही फुफ्फुसांत पसरलेला. तालुक्याच्या गावातून जिल्ह्याच्या ठिकाणी हलवून आज तिसरा दिवस. काल दुपारपासून हाय-फ्लोवर आहेत. डॉक्टरांनी ‘गरज पडली तर नळी टाकावी लागेल’ (म्हणजे तोंडातून श्वासनळीत नळी घालून व्हेंटिलेटरला जोडावं लागेल) असं सांगून सही मागितली आहे. घरातली मोठी माणसं म्हणतात, व्हेंटिलेटर नको, बायपॅपवरच ठेवा. शेजारचे काका बायपॅपवर बरे होऊन आले होते. मुलगा विचारतो, यांत फरक काय आणि सही करू का?

सहीचं आधी सांगतो. करा. सही केली म्हणजे नळी टाकलीच असं होत नाही. रात्री तीन वाजता श्वास बिघडला तर डॉक्टरांचा हात अडू नये आणि तुमचा फोन लागेपर्यंत वीस मिनिटं वाया जाऊ नयेत, एवढ्यासाठी ती सही असते. ती वीस मिनिटं मी फार वेळा वाया जाताना बघितली आहेत.

आता फरक. साध्या मास्कला, अगदी पिशवीवाल्या मास्कलाही, मिनिटाला जास्तीत जास्त १५ लिटर ऑक्सिजन मिळतो. शांत बसलेला माणूस श्वास आत घेतो तेव्हा हवेचा वेग मिनिटाला ३० लिटरच्या आसपास जातो, पण धाप लागलेल्या माणसाचा तो ६०, कधी १०० लिटरच्याही वर जातो. मग उरलेली हवा मास्कच्या कडेने खोलीतूनच ओढली जाते आणि ऑक्सिजन पातळ होतो. हाय-फ्लोचं यंत्र नाकातल्या जाड नळ्यांतून मिनिटाला ५०-६० लिटर वारा देतं, ३७ अंशांपर्यंत गरम केलेला आणि पूर्ण ओलावलेला. त्यात ऑक्सिजन किती टक्के ठेवायचा हे वेगळं ठरवता येतं. शिवाय घशामागे साचून राहणारी वापरलेली हवा हा वारा सतत धुऊन काढतो, त्यामुळे प्रत्येक श्वासातला जास्त भाग कामाचा होतो. वडील बोलू शकतात, दोन घोट पाणी पिऊ शकतात. आजारी माणसाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही.

सीपॅप आणि बायपॅप दाबावर चालतात. तोंडा-नाकावर घट्ट मास्क बसवून, साधारण ८ ते १० सेंटिमीटर पाण्याइतका दाब फुफ्फुसांत कायम ठेवला की मिटू लागलेले वायुकोश उघडे राहतात. हे झालं सीपॅप. बायपॅपमध्ये श्वास आत घेताना वरून आणखी एक ढकल मिळते.

शेजारच्या काकांचं इथे येतं. ज्यांना वर्षानुवर्षं विडीचा किंवा चुलीच्या धुराचा त्रास आहे, ज्यांना गावात सगळे ‘दमा’ म्हणतात, त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. थकलेल्या श्वासाला ढकल मिळाली की तो बाहेर पडतो आणि झापडलेला माणूस दोन तासांत उठून चहा मागतो. त्या आजारात बायपॅपसारखं दुसरं काही नाही आणि त्याचे पुरावेही भक्कम आहेत. तुमच्या वडिलांचा आजार मात्र वेगळा आहे. त्यांच्या फुफ्फुसांत विषाणूमुळे सूज आहे, पाणी आहे, ऑक्सिजन रक्तात शिरत नाही. ढकल कमी पडणं हा त्यांचा प्रश्नच नाही. उलट त्यांचा मेंदू आधीच त्यांना जिवाच्या आकांताने मोठे श्वास घ्यायला लावतो आहे आणि बायपॅपची ढकल त्यावर चढली तर सुजलेलं फुफ्फुस दर श्वासाला जास्तच ताणलं जातं. बायपॅपच्या पडद्यावर दर श्वासाचं आकारमान दिसतं. उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनाच्या किलोमागे ते साडेनऊ मिलिलिटरच्या वर सतत जात असेल, म्हणजे ६० किलोच्या हिशेबाने ५७० च्या वर, तर बायपॅप फसण्याची शक्यता बरीच असते. हा आकडा माझ्या मते जेवढा बघायला हवा तेवढा बघितला जात नाही.

कोविडने या बाबतीत आम्हाला बरंच शिकवलं, कारण एवढ्या रुग्णांवर एवढ्या थोड्या काळात नीट चाचण्या पूर्वी झाल्या नव्हत्या. ब्रिटनमधल्या रिकव्हरी-आरएस चाचणीत १,२७३ रुग्ण होते. तीस दिवसांत नळी किंवा मृत्यू, या दोन्हींचं मिळून प्रमाण सीपॅपवर ३६.३ टक्के आणि साध्या ऑक्सिजनवर ४४.४ टक्के आलं. फायदा मुख्यतः नळी टळण्यात होता. हाय-फ्लोने तिथे फरक पडला नाही. पण कोलंबियातल्या चाचणीत हाय-फ्लोवर ३४.३ टक्के लोकांना नळी लागली आणि साध्या ऑक्सिजनवर ५१ टक्क्यांना. इटलीत डोक्यावर चढवायच्या पारदर्शक टोपातून, म्हणजे हेल्मेटमधून, दाब दिला तेव्हा नळी ३० टक्क्यांना लागली, हाय-फ्लोवर ५१ टक्क्यांना. त्याआधी, २०१५ मध्ये, फ्रान्स आणि बेल्जियममधल्या ३१० रुग्णांत हाय-फ्लोवाल्यांचे नव्वद दिवसांतले मृत्यू बायपॅपवाल्यांपेक्षा स्पष्ट कमी होते. हे सगळे आकडे शेजारी ठेवले की एकच यंत्र सर्वांत श्रेष्ठ असं म्हणता येत नाही. माझं मत असं की ज्या आयसीयूत सिस्टरना जे यंत्र रात्री दोन वाजताही डोळे झाकून लावता येतं, तिथे तेच चांगलं. हेल्मेट इटलीत चाललं, कारण तिथल्या नर्सेस ते कोविडच्या कितीतरी आधीपासून वापरत होत्या.

आपल्याकडे दुसऱ्या लाटेत उलट झालं. घरी झोपेत घोरणाऱ्यांसाठी असलेली छोटी बायपॅप यंत्रं देणगीत आली, त्यांना बाजूच्या छिद्रातून ऑक्सिजन जोडला आणि पूर्ण ऑक्सिजन चालू आहे असं समजलं गेलं. त्या यंत्राचा स्वतःचा वारा खोलीतल्या हवेचा असतो. प्रत्यक्षात रुग्णाला मिळतो तो निम्म्याच्या आसपास, आणि तोही दर श्वासाला बदलता. मास्कचीही तीच गत. एका नळीच्या यंत्राला उच्छ्वासाची भोकं असलेला मास्क लागतो, दोन नळ्यांच्या आयसीयू व्हेंटिलेटरला बिनभोकाचा. एका नळीच्या यंत्राला बिनभोकाचा मास्क लागला की रुग्ण स्वतःचीच सोडलेली हवा परत घेत राहतो. मी त्या दिवसांत राउंड घेताना सगळ्यात आधी मास्कच्या कोपरावर हाताचा तळवा धरायचो, हवा बाहेर पडते का ते बघायला.

आता मूळ गोष्ट. हाय-फ्लो असो वा सीपॅप, दोन्ही वेळ मिळवून देतात. विषाणूला ती मारत नाहीत. इन्फ्लुएन्झात ओसेल्टामिविर हे विषाणूवरचं औषध जितकं लवकर तितकं बरं, आणि ते चालू असेलच. (स्टिरॉइडबद्दल कुणी विचारेल म्हणून सांगतो: कोविडमध्ये ऑक्सिजन लागणाऱ्यांना रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने जीव वाचले. इन्फ्लुएन्झात तसा फायदा दिसलेला नाही, नुकसानीची शंका आहे. तेव्हा ‘त्यांना दिलं होतं, आम्हाला का नाही’ असा आग्रह धरू नका.) मिळालेल्या वेळात फुफ्फुस सावरतंय की माणूस दमत चाललाय, हे ओळखणं हे आमचं खरं काम. आणि ते मॉनिटरवरच्या सॅच्युरेशनवरून ओळखता येत नाही.

२०२१ च्या एप्रिलमधली एक रात्र सांगतो. पन्नाशीचे एसटी कंडक्टर, हाय-फ्लोवर दुसरा दिवस. मॉनिटरवर ९४. तक्त्यावर श्वासाचा वेग २२ लिहिलेला. नातेवाईक काचेतून बघून समाधानाने परत गेलेले. मी खाटेजवळ गेलो तर पाठीखालची चादर घामाने ओली होती. गळपट्टीच्या हाडांवरचा खड्डा दर श्वासाला आत जात होता, मानेच्या शिरा-स्नायू दोरीसारखे ताठ. “कसं वाटतंय?” विचारलं तर म्हणाले, “बरं...” आणि मध्ये श्वास घेऊन, “...वाटतंय.” दोन शब्दांना दोन श्वास. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजलं. छत्तीस. छातीवरच्या चिकटपट्ट्यांवरून मॉनिटर श्वास मोजतो तो पुष्कळदा चुकतो, आणि तो बावीसचा आकडा तिथून उतरवलेला होता. ऑक्सिजन ८० टक्के चालू होता.

यावर एक साधा हिशेब आहे, रॉक्स इंडेक्स नावाचा. सॅच्युरेशनला ऑक्सिजनच्या अंशाने भागायचं आणि येईल त्याला श्वासाच्या वेगाने. त्यांचं ९४ भागिले ०.८ म्हणजे ११७.५, भागिले ३६ म्हणजे ३.२६. हाय-फ्लो सुरू केल्यावर २, ६, १२ तासांनी हा आकडा ४.८८ किंवा त्याहून जास्त असेल तर यंत्रावरच निभावण्याची शक्यता चांगली. दोन तासांनी २.८५ च्या खाली, सहा तासांनी ३.४७ च्या खाली, बारा तासांनी ३.८५ च्या खाली असेल तर धोका मोठा. तेच ९४ सॅच्युरेशन, पण ५० टक्के ऑक्सिजनवर आणि श्वास २४ असता तर उत्तर ७.८ आलं असतं. बाहेरून काचेतून बघणाऱ्याला दोन्ही ‘चौऱ्याण्णव’च. त्या कंडक्टरांना आम्ही त्याच रात्री नळी टाकली. ते घरी गेले.

त्याच आठवड्यात एका बाईंच्या बाबतीत मी सकाळपर्यंत थांबलो. व्हेंटिलेटर एकच मोकळा होता, मुलं हात जोडून ‘अजून थोडं बघा’ म्हणत होती आणि मलाही तेच हवं होतं. सकाळी सहाला नळी टाकताना हृदय थांबलं. तेव्हा दमलेल्या शरीरात काहीच शिल्लक उरलं नव्हतं. त्या रात्री दोनला मी निर्णय घ्यायला हवा होता, हे मला आजही तसंच वाटतं.

ही भावना एकट्या माझी नाही. दक्षिण कोरियातल्या १७५ रुग्णांच्या नोंदी २०१५ मध्ये छापून आल्या. हाय-फ्लो फसून ४८ तासांच्या आत नळी टाकलेल्यांपैकी ३९.२ टक्के दगावले, ४८ तासांनंतर टाकलेल्यांपैकी ६६.७ टक्के. या मागे वळून चाळलेल्या नोंदी आहेत, ठरवून केलेली चाचणी नव्हे, त्यामुळे उशिरानेच मृत्यू झाले असं त्यांवरून सिद्ध होत नाही. जास्त आजारी लोकच कदाचित उशिरापर्यंत राहिले असतील. पण दमलेल्या माणसाचे जोरकस श्वासच फुफ्फुसाला आणखी इजा करतात असं बऱ्याच जणांचं मत आहे. काहींना ते पटत नाही. मी दोन्ही बाजू वाचल्या आहेत आणि खाटेशी उभा राहिल्यावर पहिल्या बाजूने झुकतो.

पालथं झोपवण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारायला हवं होतं. फुफ्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो. उताणं पडल्यावर तो दबतो. पालथं झाल्यावर तो उघडतो आणि रक्त तिथे आधीपासून जातच असतं. हाय-फ्लोवर असलेल्या ११२६ कोविड रुग्णांवर सहा देशांत मिळून हे तपासलं, तर नळी किंवा मृत्यूचं प्रमाण ४६ वरून ४० टक्क्यांवर आलं. फायदा दिसतो तो पुष्कळ वेळ झोपणाऱ्यांत, दिवसाला आठ तासांच्या पुढे. जेवणानंतर अर्धा तास केलं तर काही हाती लागत नाही. आणि हे सोपं नाही. पोट सुटलेलं असतं, मान आखडते, खांदा दुखतो. आमच्याकडचे एक वॉर्डमधले मामा छातीखाली एक आणि ओटीपोटाखाली एक अशा दोन उश्या द्यायचे, मध्ये पोट मोकळं सोडून, आणि एक हात डोक्याशी, एक खाली. त्यांनी लावलेली माणसं तास-दोन तास टिकायची, आम्ही डॉक्टरांनी लावलेली वीस मिनिटांत उठून बसायची. भेटायला आत सोडलं तर वडिलांना हेच समजावा, तुमच्या तोंडून ते ऐकतील. मात्र त्यासाठी गरजेची नळी पुढे ढकलली जात असेल तर पालथं झोपवणं थांबवायचं.

ऑक्सिजनचा हिशेबही विचारा, विशेषतः रुग्णालय लहान असेल तर. जम्बो सिलेंडरमध्ये सुमारे ७ हजार लिटर असतो. ६० लिटर वेगाने पूर्ण ऑक्सिजन चालवला तर तो दोन तासही पुरत नाही. तोच ६० टक्क्यांवर ठेवला तर सिलेंडरमधून मिनिटाला साधारण ३० लिटरच ओढले जातात, म्हणजे जवळजवळ चार तास. पिशवीच्या मास्कला १५ लिटरने पावणेआठ तास. एप्रिल २०२१ मध्ये कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन रेल्वे विशाखापट्टणमला गेली ती या गणितापायीच. म्हणून सॅच्युरेशन ९२ ते ९६ मध्ये आलं की आम्ही ऑक्सिजन कमी करतो. ९९ बघून तुम्हाला बरं वाटेल, पण फुफ्फुसाला त्याचा उपयोग नाही. तुमच्या रुग्णालयात द्रवरूप ऑक्सिजनची टाकी असेल तर ही काळजी कमी. तरी रुग्णाला सीटीसाठी खाली नेताना सिलेंडर किती भरलेला आहे हे मामांना विचारलं तर कुणाला राग येऊ नये.

आता व्हेंटिलेटरच्या भीतीबद्दल. ‘व्हेंटिलेटरवर गेला म्हणजे गेला’ हे आपल्याकडे घराघरात बोललं जातं. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. मी तेव्हा निवासी डॉक्टर होतो आणि हेच वाक्य तेव्हाही ऐकत होतो. नळी पडते ती सगळ्यात जास्त आजारी माणसांना, त्यामुळे तिथे मृत्यू जास्त दिसणारच. पण नळी टाकल्यावर काय करता येतं ते बघा. गुंगी देऊन श्वासाच्या स्नायूंना विश्रांती मिळते. श्वास लहान ठेवता येतात, किलोमागे ६ मिलिलिटर. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत १२ वरून ६ केल्यावर मृत्यू ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आले, ही गोष्ट २००० सालची. दिवसाला सोळा तासांच्या वर पालथं ठेवता येतं. २०१३ च्या फ्रेंच चाचणीत गंभीर रुग्णांचे २८ दिवसांतले मृत्यू त्याने ३२.८ वरून १६ टक्क्यांवर आले. मास्कवर यातलं काहीच नेमकेपणाने जमत नाही. बायपॅपवर ‘ठेवाच’ असा हट्ट धरताना आपण वडिलांना या उपायांपासून दूर ठेवतो आहोत हे घरातल्यांना सांगा.

काही वेळा नळी नकोच, हा निर्णयही बरोबर असतो. पंच्याऐंशीचे आजोबा, आधीच अंथरुणाला खिळलेले, कॅन्सर पसरलेला. अशांना मास्क किंवा हाय-फ्लो हीच शेवटची पायरी ठरवून, धाप कमी व्हावी म्हणून मॉर्फिन देऊन सांभाळणं हे चांगलं वैद्यक आहे. तो निर्णय दिवसा, बसून, रुग्ण शुद्धीत असताना त्यालाही विचारून व्हावा. तुमचे वडील चौसष्ट वर्षांचे आहेत आणि गेल्या आठवड्यापर्यंत शेतावर जात होते असं तुम्ही लिहिलंय. त्यांना ती सवलत देण्याचं कारण मला दिसत नाही.

डॉक्टरांना उद्या सकाळी हे विचारा: रात्री श्वासाचा वेग हाताने मोजलेला किती होता, ऑक्सिजन किती टक्क्यांवर आहे, कालच्यापेक्षा वाढवावा लागला की कमी झाला, आणि कोणत्या लक्षणावर तुम्ही नळीचा निर्णय घ्याल. चांगला डॉक्टर शेवटच्या प्रश्नाला नेमकं उत्तर देतो. गुंगी, गोंधळलेलं बोलणं, रक्तदाब उतरणं, मास्कमध्ये उलटी, यांपैकी काहीही झालं तर वाट बघायची नसते, हे तुम्हालाही माहीत असू द्या. बोटाला नेलपॉलिश नाही ना, बोटं गार पडली नाहीत ना, एवढं सिस्टरना बघायला सांगितलं तरी सॅच्युरेशनचा आकडा जरा खात्रीचा होतो.

आणि वडिलांचा चष्मा आणि कानातलं मशीन घरी राहिलं असेल तर आजच आत पाठवा, नाव लिहून, डबीत घालून. वाऱ्याच्या त्या घोंगावण्यात ज्याला ऐकू येत नाही आणि समोरचा चेहरा दिसत नाही, तो माणूस दुसऱ्या रात्री घाबरून नळ्या ओढून काढतो, आणि आम्ही ती बेचैनी आजाराची समजून झोपेचं औषध देतो.